बस म्हणेपर्यंत

"गाईला पुढून शिंगं असतात आणि मागून लाथ, हे आता कागदावर लिहून द्यायचं. म्हणजे गाय ते वाचेल आणि शहाण्यासारखी वागेल."

म्हातारे हे कोणाला उद्देशून बोलले नव्हते. गोठ्याच्या दाराशी बसून बुटात पाय कोंबता कोंबता ते बुटाशीच बोलत होते. पण दाराच्या आत सून बादल्या विसळत होती, तिला शब्द न् शब्द ऐकू आला आणि जरा बरंही वाटलं. गेले आठ महिने म्हाताऱ्यांनी कुरकुर सोडून दिली होती. कुरकुरीला हक्काचं माणूस लागतं, आणि ते माणूस आठ महिन्यांपूर्वी गेलं होतं.

कुरकुरीचं निमित्त होता एक चार पानी फॉर्म. त्यांचं दूध जिथे जायचं त्या डेअरीने नवा नियम काढला होता, की दूध घालणाऱ्या प्रत्येकाच्या शेतावर धोक्यांची तपासणी व्हायला हवी. आधी घरच्यांनी आपले धोके आपणच शोधून लिहायचे, मग डेअरीची बाई येऊन पाहणार. ती बाई आज यायची होती.

सुनेच्या नवऱ्याने ही गोष्ट भलतीच मनावर घेतली होती. चार दिवस तो हातोडी घेऊन शेतभर हिंडत होता. विहिरीवर जाळी बसली. शिडीच्या तुटक्या पायरीवरून आजवर सगळे जण न चुकता एक ढांग टाकून चढत, तिथे नवी पायरी आली. फवारणीचं औषध इतकी वर्षं खिळ्यांच्या डब्याशेजारी सुखाने नांदत होतं, त्याची रवानगी कुलपात झाली. चारा कापायच्या कुट्टी यंत्राच्या पट्ट्यावर पत्र्याचं झाकण बसलं. मोटारीच्या उघड्या वायरीला त्याने इतकी चिकटपट्टी गुंडाळली, की वायरीला गालगुंड झाल्यासारखं दिसायला लागलं. शेवटी त्याने ट्रॅक्टरला दोन मोठे आरसे लावले, एक उजवीकडे, एक डावीकडे. ते लावून झाल्यावर तो बराच वेळ त्यांच्याकडे बघत उभा होता. सुनेने ओट्यावरच्या खिडकीतून ते पाहिलं आणि भाजी चिरत राहिली.

फॉर्म रात्रीपासून फ्रिजवर पडला होता. तिने सकाळी तो वाचला. "गेल्या दोन वर्षांत शेतावर अपघात झाला आहे काय? असल्यास कारण लिहा." खाली नवऱ्याच्या वळणदार अक्षरात होतं, "होय. ट्रॅक्टरचा ब्रेक निकामी."

ब्रेकची ही गोष्ट तिच्यादेखत जन्माला आली होती. म्हातारे ट्रॅक्टर मागे घेत असताना सासूबाई मागची ट्रॉली आणि गोठ्याची भिंत यांच्यामध्ये सापडल्या आणि गेल्या, त्यानंतर शेजारपाजारचे धावत आले. म्हातारे जमिनीवर बसले होते आणि स्वतःच्या तळहातांकडे बघत होते. कोणीतरी विचारलं, "झालं तरी काय?" त्यावर तिचा नवरा एका दमात म्हणाला, "ब्रेक फेल झाला." त्या घटकेला ते बोलणं चांगलंच होतं. अंगावर पांघरूण घालावं तसं ते त्याने बापावर घातलं होतं. मग तेच शेजाऱ्यांना सांगितलं गेलं, डॉक्टरांना सांगितलं गेलं, पंचनाम्याच्या कागदावर गेलं. ट्रॅक्टर मेकॅनिककडे गेला आणि दोन दिवसांनी परत आला. जुने ब्रेक कागदात गुंडाळून मेकॅनिकने ते नवऱ्याच्या हातात दिले नाहीत, तिच्या हातात दिले. हळू आवाजात म्हणाला, "ताई, हे अजून दोन वर्षं सहज चालले असते." तिने ते भंगारात टाकले. नवऱ्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. म्हाताऱ्यांना तर कोणीच काही विचारलं नाही.

पण गाई काही सुतक पाळत नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी हिरवा चारा भरून ट्रॅक्टर गोठ्यापाशी आला. चढावर ट्रॉली उलटी घ्यायची आणि थेट कुट्टी यंत्रापर्यंत न्यायची, हे काम पहिल्यापासून म्हाताऱ्यांचं. लेक त्या वेळी दूध घालायला गेलेला असे. म्हाताऱ्यांनी चढापाशी ट्रॅक्टर थांबवला. इंजिन चालू, आणि ते समोर बघत नुसते बसून राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आत गाई हंबरायला लागल्या. सून हौदापाशी होती. तिने हात पदराला पुसले, ट्रॉलीच्या मागे भिंतीपाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "येऊ द्या."

तेव्हापासून तिथे रोज तीच उभी राहत होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि कोणी नकोही म्हटलं नव्हतं. सासूबाईंच्या डब्यांची झाकणं, त्यांची चाळणी, त्यांच्या उशा जशा आपोआप तिच्याकडे आल्या, तशीच ही जागाही आली. रोज सकाळी चारा यायच्या वेळी ती एक पाय बाहेरच्या दिशेला वळवून उभी राहायची, उडी मारता यावी म्हणून. हे तिने नवऱ्याला सांगितलं नव्हतं. सांगायचं तर कारण सांगावं लागलं असतं. ब्रेक तर नवा होता, मग भीती कसली?

डेअरीची बाई दहा वाजता आली. बाई कसली, पंचविशीतली मुलगी. नाकावर जाड चष्मा आणि पायात तिच्या मापापेक्षा मोठे गमबूट.

"बूट डेअरीचे दिसतात," म्हातारे म्हणाले.

"बूट डेअरीचे, पाय माझे. मध्ये बरीच जागा शिल्लक आहे, काका."

म्हातारे चक्क हसले. मग ती जाईल तिथे तिच्या मागोमाग फिरू लागले. मुलगी हुशार होती. उगाच शिकवायला गेली नाही, विचारत गेली. कोणती गाय मारकी? औषधाच्या कपाटाची किल्ली कोणाकडे? शिडीवर चढताना खाली कोणी धरतं का? गालगुंड झालेल्या वायरीपाशी ती थांबली.

"ही वायर बदला. पट्टीनं नुसती झाकली जाते, बरी होत नाही."

नवरा म्हणाला, "बदलतो, उद्याच बदलतो."

सून चहा घेऊन आली. म्हाताऱ्यांचा कप तिने नेहमीप्रमाणे त्यांच्या उजव्या हाताशी ठेवला. डावीकडे ठेवला तर सांडतो, हे तिच्या कधीतरी लक्षात आलं होतं. का सांडतो, हा विचार तिने पुढे नेला नव्हता.

मुलीने पान उलटलं. "चारा आत कसा आणता?"

"ट्रॉली उलटी घेतो," नवरा म्हणाला. "हे आरसे बघा. दोन्हीकडून लखलखीत दिसतं."

"छान. आणि मागे कोण उभं असतं?"

"कोणी नाही," नवरा म्हणाला.

"कोणी लागत नाही," म्हाताऱ्यांनी री ओढली.

दोघंही खोटं बोलण्यात कच्चे होते, त्यामुळे दोघंही जरा मोठ्याने बोलले. सुनेच्या हातात ट्रे होता. ती रोज जिथे उभी राहते ती जागा तिथून पंधरा पावलांवर होती, आणि नवरा म्हणत होता, तिथे कोणी नाही. तिला राग यायला हवा होता. पण आपण आत्ताच गेल्यासारखं तिला वाटलं. उद्या आपलंही असंच होईल. कागदावर एक ओळ येईल, तीही सुंदर अक्षरात.

"मी असते," ती म्हणाली.

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

"बरं झालं सांगितलंत," मुलगी सहज म्हणाली. "थांबवायची खूण काय तुमची?"

"बस म्हणते. सुरुवातीला एकदा 'येऊ द्या' म्हणायचं, आणि जागेवर आलं की 'बस'."

"आणि मधे?"

"मधे काही नाही. आमच्या सासूबाई फार बोलायच्या नाहीत. त्यांनी घालून दिलेली पद्धत आहे. बत्तीस वर्षं तसंच चाललंय."

"म्हणजे तुम्ही गप्प आहात, याचा अर्थ गाडी येत राहायची?"

"हो. बस म्हणेपर्यंत."

मुलीने चष्मा वर सरकवला. तिला या घरातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिच्यापुढे ब्रेक निकामी एवढंच लिहिलेलं होतं. त्यामुळे घरातल्या कोणालाही बोलवलं नसतं ते ती साधेपणाने बोलून गेली.

"हे उलटं करा. सतत येऊ द्या, येऊ द्या म्हणत राहायचं, आणि आवाज बंद पडला की गाडी थांबलीच पाहिजे. माणसाला ठसका लागतो, चाऱ्यावरून पाय घसरतो. पडलेलं माणूस बस कसं म्हणणार?"

गोठ्यात एक गाय साखळी वाजवत राहिली. म्हाताऱ्यांच्या कपातला चहा तसाच होता.

"एकदा करून दाखवता का? तुम्ही नेहमी करता तसंच."

"आज राहू दे," नवरा घाईने म्हणाला.

पण म्हातारे उठले होते. चालता चालता त्यांचा डावा खांदा दाराच्या चौकटीला घासला. ते ट्रॅक्टरवर चढले. इंजिन धडधडायला लागलं.

सून भिंतीपाशी गेली. आपण काय करणार आहोत हे तिने ठरवलेलं नव्हतं, हे ती पुढे शपथेवर सांगू शकली असती. भिंतीलगत पेंडीचं एक रिकामं निळं पिंप होतं, तिच्या छातीएवढ्या उंचीचं. तिने ते लोटत आणून आपण उभं राहतो नेमक्या त्या जागी ठेवलं. मग खांबाच्या बाजूला झाली आणि म्हणाली, "येऊ द्या."

आणि गप्प राहिली.

ट्रॉली यायला लागली. आली ती अगदी सरळ, अगदी सावकाश. म्हातारे उजव्या खांद्यावरून मान वळवून मागे बघत होते. डाव्या आरशात निळं पिंप एवढं मोठं दिसत होतं. खांबापाशी उभ्या असलेल्या सुनेलासुद्धा ते दिसत होतं. मान जराशी इकडे वळवली की म्हाताऱ्यांनाही दिसेल. तिला वाटलं, थांबतील आता. देवा, आता तरी थांबू देत. म्हणजे मी खोटी ठरेन, जन्मभर खोटी ठरेन, मला चालेल. मुलगी काहीतरी ओरडली. नवरा "बाबा!" म्हणून धावला, पण इंजिनाच्या आवाजात त्याचा आवाज कुठल्या कुठे गेला. पिंप भिंतीला टेकलं, आत दबलं, आणि कडाड करून फुटलं.

तेव्हा ब्रेक लागला. करकचून लागला.

म्हाताऱ्यांनी इंजिन बंद केलं. खाली उतरून ते मागे आले. पिंप शोधायला त्यांना अंमळ वेळ लागला, मान पूर्ण फिरवावी लागली. मग ते तिथेच उकिडवे बसले आणि पिंपाच्या फुटलेल्या कडेवरून हात फिरवू लागले.

"तू बस म्हणाली नाहीस," ते म्हणाले.

"नाही म्हणाले, बाबा."

"का गं?"

"आईंनाही म्हणता आलं नव्हतं."

"अगं, काय बोलतेस तू?" नवरा तिच्यावर ओरडला. मग तो बापाशेजारी वाकला आणि लहान मुलाची समजूत काढावी तशा आवाजात बोलू लागला. "बाबा, उठा. तुम्ही मनावर घेऊ नका. ब्रेकच परत बघायला हवा. त्या मेकॅनिकनं नीट बसवलेला दिसत नाही. मी आजच नेतो, दुसऱ्याकडे दाखवतो. ब्रेकचं काय असतं..."

"ब्रेकला काय धाड भरलीय?" म्हातारे म्हणाले.

मुलीने पेनाला टोपण लावलं आणि ती दोन पावलं मागे सरकली. आपण कुठे येऊन उभ्या आहोत हे तिला आता उमगलं असावं.

म्हातारे पिंपाकडे बघतच बोलत होते. "या डाव्या डोळ्यानं मला दोन वर्षं झाली, काही दिसत नाही. नुसता धूर. तुझ्या आईला ठाऊक होतं. डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागली होती. मी म्हटलं, कळलं तर लेक ट्रॅक्टरला हात लावू द्यायचा नाही. तर म्हणाली, बरं, मग मी असते मागे." त्यांनी नाक पुसलं. "तू ब्रेकचं म्हणालास ना, त्या दिवशी. मला बरं वाटलं रे. बरं वाटलं मला. आठ महिने मी त्यावरच निजतोय. आणि ही पोर रोज सकाळी तिथे येऊन उभी राहतेय, आणि मी तिला उभी राहू देतोय."

"बाबा, नका," नवरा म्हणाला. तो रडायला लागला होता.

म्हाताऱ्यांनी भिंतीचा आधार घेत उठायचा प्रयत्न केला. ते जमलं नाही. सुनेने हात पुढे केला, आपसूक उजव्या बाजूने. तो त्यांनी धरला, पण उठले नाहीत. तसेच बसून त्यांनी मान वर केली आणि लेकाकडे पाहिलं.

"ब्रेक चांगला होता, पोरा. तुझी आई मला दिसली नाही."