आप्पाजींची खुर्ची आणि डब्लिनचा पाहुणा

मी बोलतेय, बेंगळुरूतल्या मल्लेश्वरमच्या आप्पाजींची वेताची खुर्ची. कॅन्टोन्मेंटातल्या एका सुतारानं मला घडवलं आणि आप्पाजींनी हौसेनं घरी आणलं. ते मूळचे निपाणीकडचे, इथल्या सरकारी कारखान्यात नकाशे काढायचे. संध्याकाळी माझ्यावर बसायचे आणि दुसऱ्या कुणाला बसू द्यायचे नाहीत. बायकोलासुद्धा नाही.

एकसष्ट सालच्या थंडीत ते गेले. मला भिंतीकडे तोंड करून ठेवलं, तरी ऐकू सगळं येत होतं. आलेला प्रत्येकजण म्हणायचा, "देवमाणूस होता." जे त्यांना पाहून रस्ता बदलायचे, ते तर दोनदा म्हणायचे. त्यांची मोठी बहीण सोयराबाई दारात चप्पल वाजली की हंबरडा फोडायच्या. माणूस टेकला की डोळे पुसून विचारायच्या, "बसनं आलात काय?"

आप्पाजींची बायको रत्नाबाई तेवढी भिंतीला टेकून गप्प होती. रडली नव्हती, धड जेवलीही नव्हती. तिच्याशी काय बोलावं ते कुणाला कळत नव्हतं, म्हणून सगळे एकमेकांशी बोलत होते.

पाचव्या दिवशी एक गोरा आला. रत्नाबाईंचा भाचा चंद्रकांत डब्लिनला डॉक्टर होता, त्यानं तिथलीच मुलगी केली होती. तिचा भाऊ ब्रेंडन इथे एका कारखान्यात यंत्रं बसवायला आला होता. चंद्रकांतला येणं जमेना, म्हणून त्यानं मेहुण्याला कळवलं, घरचा म्हणून तू जाऊन ये.

घरात सगळे पांढऱ्या कपड्यांत, हा काळ्या सुटात. बूट काढायचे असतात एवढं त्याला कुणीतरी सांगितलं होतं, ठेवायचे कुठे ते सांगितलं नव्हतं. तो बूट हातात घेऊनच आत आला. काखेत कागदात गुंडाळलेली बाटली होती. शेजारच्या मल्लाप्पांनी कागद सोडून लेबल वाचलं, "औषध आहे" असं जाहीर केलं आणि ती स्वतःच्या घरी नेऊन ठेवली.

त्याला बसवायचं कुठे? मी एकटीच खुर्ची. "आप्पाच्या खुर्चीवर कुणी बसायचं नाही," सोयराबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आता त्यांनीच मला फिरवलं आणि पदरानं पुसलं. तो बसला मात्र, दुःख बाजूला राहिलं. कुणी त्याला बेंगळुरूची हवा कशी वाटली विचारलं, कुणी पगार. एकानं आपल्या मुलाचे इंग्रजीतले मार्क सांगितले.

ब्रेंडन रत्नाबाईंकडे बघत बराच वेळ काहीतरी बोलला. मल्लाप्पांनी मराठी केलं, "फार वाईट झालं म्हणतात."

तो पुन्हा बोलला, बुटांसकट हातवारे करून.

"फारच वाईट झालं म्हणतात."

पाच दिवसांत पहिल्यांदा रत्नाबाईंनी मान वर करून मल्लाप्पांकडे बघितलं. "अण्णा, एवढं लांब बोलले ते. एवढंच कसं असेल?"

मल्लाप्पा घुटमळले. "स्वल्प वेगळं आहे, अक्का. त्यांच्याकडे माणूस गेला की त्याच्या गमती सांगतात म्हणे. हसतातसुद्धा. ते विचारतात, आप्पाजी कसे होते? मला बरं वाटेना सांगायला."

सगळे सोयराबाईंकडे बघू लागले. रत्नाबाई मात्र ब्रेंडनच्या हातातल्या बुटांकडे बघत होती.

"मला बघायला आले ते मित्राचे बूट घालून," ती म्हणाली. "घट्ट होते. निघेनात. एक पाय माझ्या वडिलांनी धरला, दुसरा मामानं. एकदम निघाले आणि हे मागच्या मागे गेले ते पोह्यांच्या परातीत. मी आत हसले. ते ह्यांना ऐकू गेलं. म्हणाले, हीच मुलगी करायची."

आणि ती हसली. हसता हसता रडायला लागली, आणि पाच दिवसांचं सगळं एकदम बाहेर आलं.

मल्लाप्पांनी गोष्ट इंग्रजीत सांगून संपवली तेव्हा ब्रेंडन एकटाच उशिरा, मोठ्यानं हसला. मग माझ्यावरून उठून तो तिच्याजवळ जमिनीवर बसला. त्याला मांडी घालता येईना.

"पोहे नव्हते," सोयराबाई करड्या आवाजात म्हणाल्या. "शिरा होता. मी होते तिथं. आठ दिवस आप्पाच्या सदऱ्याला तुपाचा वास येत होता." आणि त्यांनी तोंडाला पदर लावला. खांदे हलत होते, पण रडण्यानं नव्हे.

मग एकेकजण आठवणी सांगू लागला, तसा देवमाणूस गेला आणि आप्पाजी परत आले. भांडकुदळ, हट्टी, बसच्या कंडक्टरशी वाद घालून मधेच उतरणारे आणि घरापर्यंत चालत येणारे. त्या दुपारी रत्नाबाई पोटभर जेवली.

निघताना ब्रेंडन हात जोडून म्हणाला, "येतो." चंद्रकांतनं शिकवलं असणार. सुतकाच्या घरातून निघताना असं म्हणत नाहीत, मुकाट्यानं उठून जातात. बायकांनी जीभ चावली.

रत्नाबाई दारापर्यंत गेली. म्हणाली, "या."

तो दर महिन्याला येत राहिला, कंत्राट संपेपर्यंत.

आता माझा वेत सैल झालाय, एक पाय डुगडुगतो. संध्याकाळी माझ्यावर रत्नाबाई बसते, पाय वर घेऊन, आणि कुणाला उठवू देत नाही. माझं एवढंच मागणं आहे. कुणाच्या घरी समाचाराला गेलात, तर गेलेला माणूस कसा होता ते विचारा. आणि उत्तर येईपर्यंत बसा, खुर्ची नसली तरी.