नव्या दाराला तीन भोकं

थोरल्या नातीचं लग्न झालं त्या वर्षी पत्राकाम करणाऱ्या आजोबांनी एका जुन्या लष्करी गाडीचं गंजलेलं दार समोर ठेवून हुबेहूब नवं दार घडवून गाडीला बसवलं. गाडीचा हौशी मालक खूश झाला.

"आजोबा, आता ड्रिलनं तीन भोकं पाडा. गोळ्या लागल्यासारखी दिसू देत. प्रदर्शनात लोक फोटो काढतील."

आजोबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ड्रिलचं भोक गुळगुळीत असतं, शहाण्या! गोळीनं पत्रा आत फाटतो, बसलेल्या माणसाच्या अंगावर. बसतोस दारामागे?"

"अहो, गंमत म्हणून..."

"गंमत?" आजोबांनी बिजागऱ्या सोडवून दार खाली उतरवलं. "जा, तुझी गाडी बिनदाराची मिरव!"

अशाच गाडीच्या दारातून गोळी लागून आजोबांचा धाकटा भाऊ मेला होता, त्यांची स्वतःची थोरली मुलगी जन्मली त्याच्या दुसऱ्या दिवशी.