वर्गाच्या दारातली शिलाई मशीन

मी एक जुनी शिलाई मशीन आहे, मित्रांनो. पण जुनी म्हटलं म्हणून मोडकी समजू नका. अंगावरची सोनेरी वेल पुसली, आवाज मात्र शाबूत आहे. कारखान्यात माझं ओतीव लोखंडाचं अंग घडलं आणि सासूबाईंच्या काळात मी या घरात आले. त्या गेल्या, आता त्यांची सून मला चालवते. सगळी गल्ली तिला शिवणताई म्हणते.

समोरच्या सरकारी शाळेचे गणवेश शिवावेत तर मीच. शाळा उघडली की शिवणताई गळ्यात टेप घालून थेट वर्गात जायची, पोरांची मापं घ्यायची आणि वाढत्या अंगासाठी दोन बोटं कापड आत दुमडायची.

तिचा नवरा टेकडीवरच्या खासगी शाळेची व्हॅन चालवतो. म्हणून त्यांच्या लेकीसाठी, भिंगरीसाठी, तिथे पहिलीची एक जागा राखून ठेवली होती. अर्जावर आईबाप दोघांची सही हवी, तीही शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत.

नवऱ्याने आधीच त्या गणवेशाचं कापड आणलं. प्रवेशाचा पत्ता नाही आणि शिवणताईने ते कापलंसुद्धा! खोटं कशाला बोलू, मीही हुरळले. टेकडीवरचा गणवेश माझ्या सुईखाली म्हणजे काय! नाक वर करून धावत होते.

शुक्रवारी साडेचारला एक बाही लागली होती. नवरा दारात चावी खेळवत उभा.

"सही कर. जागा जाईल."

पायडलवरचा तिचा पाय थांबला. "काल गेले होते तिकडे. फाटकाच्या आत घेतलं नाही. पहिलीला बाई कोण विचारलं, तर वॉचमन म्हणतो, वेबसाइटवर बघा."

"शिस्त असते ती."

"कसली शिस्त? अहो, दुकानदारसुद्धा कापडाला हात लावू देतो!"

"आणि तुझ्या समोरच्या शाळेत? पहिलीला बाईच नाहीत. दुसरीत कोंबलीत पोरं. रोज परक्यांची पोरं शाळेत पोचवतो मी, आणि माझी पोर काय भिंती मोजत बसणार?"

खरंच होतं ते. गेल्याच आठवड्यात मापं घेताना शिवणताईने डोळ्यांनी पाहिलं होतं. भिंगरी चिंध्यांत बसून दोघांच्या तोंडाकडे बघत होती. पावणेपाच झाले.

"तिकडे बाई आहेत, पण मला दार नाही," शिवणताई हळू म्हणाली. "इकडे दार आहे, बाई नाहीत. बाई आणता येतील. दार कुठून आणू?"

"आणि नाही आल्या तर?"

"तर दोष माझा. जन्मभर ऐकवा."

तिने बाही उसवली. एकेक टाका तुटताना मला ऐकू येत होता. पाच वाजले. नवरा व्हॅन घेऊन निघून गेला. माझा अपमान झाला असं मला वाटलं, आणि दोन दिवस मी मुद्दाम दोरा तोडत राहिले.

सोमवारी ती नवऱ्याला म्हणाली, "उचला हिला."

"बाईंचा पत्ता नाही आणि मशीन निघाली शाळेला," तो पुटपुटला, पण उचललं त्याने. पहिलीच्या रिकाम्या वर्गाच्या दारात मला मांडलं. गणवेशाला येईल त्या आईबापापुढे शिवणताई शिक्षणखात्याच्या साहेबांच्या नावचा, पहिलीला बाई द्या असा अर्ज सरकवायची. "आधी सही, मग बाही!" कोणी हसायचं, कोणी चिडायचं, सही मात्र करायचं.

अठरा दिवस गेले. मग साहेब आले. "हे काय चाललंय?"

"वर्ग रिकामा होता साहेब, म्हणून मी बसले," शिवणताई म्हणाली.

विसाव्या दिवशी बाई आल्या. त्यांच्या नेमणुकीचा हुकूम एकाच वर्षाचा आहे. त्या दिवशी नवऱ्याने व्हॅन थांबवली, वर्गाच्या खिडकीशी उभं राहून भिंगरीचा वाचतानाचा आवाज ऐकला आणि निघून गेला. पुढच्या वर्षी काय, ते कोणालाच ठाऊक नाही. म्हणून मी अजून दारातच आहे.

मित्रांनो, मला चालवलं नाही तर मी गंजते, आणि मग लोक म्हणतात, मशीनच वाईट. शाळेचंही तसंच. तुमचे आईबाबा शाळा निवडत असतील तर त्यांना सांगा, शाळेची पाटी नंतर वाचा, आधी आत जाऊन बसा. आणि कुठलीही निवडा, तिचं तेलपाणी बघत राहा. पोर टाकलं आणि मोकळे झालो, असं म्हणायला शाळा म्हणजे काही भंगारवाल्याची गाडी नव्हे!