हरभऱ्याची आंब

पौषात हरभऱ्याच्या शेंड्यांवर जे दव पडतं ते नुसतं पाणी नसतं, पानांची आंबट खार त्यात उतरलेली असते. ऊन चढायच्या आत स्वच्छ धुतलेलं धोतर त्या पिकावरून ओढत न्यायचं, चिंब झालं की गाडग्यात पिळायचं आणि परत ओढायचं. जमते ती आंब. अळणावराकडच्या त्या लहानशा गावात कुणाचं पोट दुखलं, कुणाला लग्नाचं जेवण जड झालं, की माणूस वाटी घेऊन भागीरथीच्या दारात उभा. वर्षभर पुरेल एवढी आंब ती बाटल्यांत भरून ठेवायची आणि कुणाला नाही म्हणायची नाही.

ही आंब दोघींनीच काढायची, असा तिकडचा रिवाज. धोतरं दोन असायची. एकीनं एक ओढायचं, तोवर दुसरीनं भिजलेलं दुसरं पिळायचं, बोटं लाकडासारखी झाली की अदलाबदल करायची. दोघींचं तोंड मात्र एकसारखं चालू हवं. भागीरथीची जोडीदारीण शेजारची गंगव्वा. घरात कानडी बोलणारी, पण भांडायला आणि थट्टेला तिला मराठीच लागायची.

भागीरथीची लेक सुनिता तेव्हा सात-आठ वर्षांची असेल. घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन ती बांधावर बसायची. कोरडी घोंगडी सांभाळणं हे तिचं काम. काम आटोपलं की दोघी त्या घोंगडीत शिरायच्या आणि हात काखेत दाबून धरायच्या. बधिर हात कुणी लगेच जाळावर धरू लागलं की गंगव्वा ओरडायची, "भाजलं तरी कळायचं न्हाई त्या हाताला, आधी जाग येऊ दे." धुक्यातून दोघींचे आवाज यायचे, माणसं दिसायची नाहीत.

"भागव्वा, माझ्या भाच्याच्या लग्नात तुझ्या नवऱ्यानं पुरणाच्या होळग्या किती हाणल्या?"

"हूं."

"हूं नको. हूं रेड्यालाबी येतंय. पुरतं वाक्य बोल."

"तू वाढत हुतीस का मोजत हुतीस गं भवाने, असं विचारतीय मी."

"हां, आत्ता बरी हाईस."

थंडी आधी जीभ धरते आणि मग माणूस, असं गंगव्वा म्हणायची. छोट्या सुनिताला वाटायचं, थंडी म्हणजे कुणी तरी पांढऱ्या लुगड्यातली बाई असणार, मागून येऊन जीभ चिमटीत धरणारी. म्हणून बांधावर बसल्या बसल्या ती आपलीही जीभ हलवत राहायची, शाळेतली कविता म्हणायची, पाढे म्हणायची.

आता सुनिता धारवाडात, सप्तापूरला दोन खोल्यांत राहते. नवरा वेंकटेश युनिव्हर्सिटीच्या रस्त्यावर झेरॉक्सचं दुकान चालवतो. लेक सावनी आठ महिन्यांची, अंधार असतानाच जागी होणारी. यंदा गंगव्वा गुडघ्यांच्या दुखण्यानं हुबळीला मुलाकडे जाऊन राहिली, आणि भागीरथीनं आंब काढायला एकटीनं जायचं ठरवलं.

"आये, एकटी जायचं न्हाई."

"आणि लोक वाटी घेऊन आले म्हंजे? तुझा फोटो दाखवू?"

सून रेखा यायला तयार होती. पण भागीरथी म्हणाली, ती नवी, तिच्या हातावरची मेंदीसुद्धा गेली नाही, शिवाय आकाशला हुबळीच्या कारखान्याची गाडी गाठायची असते, त्याचा डबा कोण करणार? आकाश म्हणजे सुनिताचा धाकटा भाऊ. शेवटी सुनितानंच तोड काढली. सावनीमुळे ती त्या वेळी जागीच असते. फोन आईच्या गळ्यातल्या पिशवीत ठेवायचा, आवाज मोठा करायचा, आणि जोडीदारीण सुनितानं व्हायचं.

खरं सांगायचं तर त्या पहाटा सुनिताला फार आवडू लागल्या. मांडीवर सावनी चुटुचुटु दूध पितेय, खिडकीच्या फटीतून गार वारं येतंय, आणि कानाशी पिळलेल्या धोतराची धार गाडग्यात पडल्याचा आवाज. आवाज ऐकला की तिच्या जिभेवर आंबट पाणी यायचं. आई चुलत्यांच्या भांडणाच्या, जुन्या जत्रांच्या, मेलेल्या म्हशीच्या गोष्टी सांगायची. लग्नानंतर मायलेकी इतकं कधी बोलल्या नव्हत्या. वेंकटेश म्हणायचा, "सासूबाई रोज आपल्या अंथरुणात येऊन बसतात." सुनिता म्हणायची, "मग सरका तिकडं."

त्या दिवशी धारवाडातही दाट धुकं होतं.

"आये, तिकडं धुकं हाय?"

"हूं."

"हूं नको. रेड्यालाबी येतंय ते."

एरवी यावर आई हसायची. आज नुसतं कापड ओढल्याचा आवाज आला, तोही थांबत थांबत.

"हाय. धुकं हाय. वारं पन हाय."

"ओढायचं कापड हातात, मग दुसरं कुठं ठेवलंस?"

"खांद्यावर."

सुनिताचा हात सावनीच्या पाठीवर थबकला. दोघी असायच्या तेव्हा एक कापड एकीच्या हातात आणि दुसरं दुसरीच्या. ओलं कापड अंगावर टाकायचा प्रश्नच यायचा नाही. इतके दिवस आई चिंब कापड खांद्यावर टाकून त्या वाऱ्यात वावरत होती, आणि आपण म्हशीच्या गोष्टी ऐकत बसलो होतो.

"आये, पोलकं भिजलंय का? थंडी वाजतीय?"

"मघाशी वाजत हुती." शब्द जड, तोंडात घास असल्यासारखे. "आता न्हाई वाजत. बरं वाटतंय. जरा टेकते."

"टेकू नकोस. आये, ऐकतीस का?"

कापड ओढल्याचा आवाज थांबला. मग आई अगदी प्रेमानं म्हणाली, "गंगव्वा, गाडगं धर गं."

सुनितानं पायानंच वेंकटेशला हलवलं. "अहो, उठा. तुमच्या फोनवरून रेखाला लावा. शेतात जा म्हणावं, घोंगडी आणि कोरडं लुगडं घेऊन, पळत." तिच्या तोंडाकडे बघून त्यानं लगेच फोन लावला. पलीकडून रेखाचा आवाज आला, "आत्या तर वन्संशीच बोलतायत न्हवं?" वेंकटेश म्हणाला, "तू नीघ आधी."

आता रेखा पोचेपर्यंत आईला उभी ठेवायची होती, आणि सुनिताकडे आवाजाखेरीज काही नव्हतं.

"आये, खांद्यावरचं कापड टाकून दे."

"माती लागंल."

"लागू दे. टाक आणि बांधाकडं चाल."

"बसते गं जरा."

विनवण्या करून ही बाई कधी उठली नव्हती. सुनितानं घसा खाकरला आणि गंगव्वाचा हेल उचलला.

"भागव्वा, तुझ्या लेकीच्या लग्नात होळग्या कच्च्या हुत्या म्हणं."

सावनी दूध सोडून आईच्या हनुवटीकडे बघत राहिली.

"कोन म्हनतंय?"

"अख्खं गाव म्हनतंय. पुरण दाताखाली करकरत हुतं."

"पुरन... मी वाटलं हुतं. माझ्या हातानं." आवाजात धग आली. "कोन म्हनतंय ती रांड?"

"बांधावर उभी हाय. ये आणि तिला विचार."

चिखलात पाय ओढल्याचा आवाज आला. मग आणखी एक पाऊल. भागीरथी अडखळत, शब्द विसरत, पण पुरणाची डाळ, वेलदोडे, जायफळ असं सगळं सांगत चालू लागली, आणि सुनिता दर दोन वाक्यांमागे एक खोडी काढत राहिली. गालांवरून पाणी वाहत होतं, तरी ती गंगव्वाच्या आवाजात खिदळत होती. वेंकटेश सावनीला उचलून नुसता उभा राहिला.

मग दुसराच धापा टाकणारा आवाज ऐकू आला. "आत्या, काय हो हे."

"रेखा, ओलं सगळं काढ," सुनिता म्हणाली. "कोरडं नेसव, डोक्यापासनं घोंगडीत घाल आणि तूही आत शिर. हात चोळू नको, काखेत धरायला लाव. घरी नेऊन गुळाचा गरम चहा दे. चुलीला एकदम चिकटवू नको."

ऊन अंगणात आलं तेव्हा सावनीला घेऊन सुनिता बसनं गावी पोचली होती. डॉक्टर तपासून गेले होते. आणखी थोडा वेळ झाला असता तर अवघड होतं, म्हणाले. भागीरथी दोन पांघरुणांत भिंतीला टेकून बसली होती आणि गाडगं शेतातच राहिलं म्हणून कुरकुरत होती.

सुनिता तिच्या पायाशी बसली. रागवायचं ठरवून आली होती, पण आईची ती पांढरी, सुरकुतलेली बोटं बघून तिला ते जमेना.

"तू फोनवर हुतीस म्हनून वाचले गं," भागीरथी म्हणाली.

"मी फोनवर हुते म्हनून तू एकटी गेलीस." सुनितानं ती बोटं ओंजळीत धरली. "तुला वाटलं मी हाय, रेखाला वाटलं मी हाय, मलाबी तसंच वाटलं. तिकडं कोरडं पांघरूण घेऊन कुणीच नव्हतं."

चहा आणणारी रेखा दारातच थांबली.

"उद्यापासनं मी येनार," रेखा म्हणाली. "डबा आदल्या रात्री अर्धा करून ठेवीन. भाकरी तेवढी त्यांनी थापावी."

"आकाश थापनार भाकरी?" भागीरथीच्या ओठाला हसू आलं. "आनि तुला बोलता तरी येतंय का गं? आल्यापासनं तोंडात मूग धरून बसलीयास."

"तुम्ही बोलता बोलता मधी जागा ठेवली तर बोलीन की आत्या."

भागीरथीनं सुनेकडे नीट बघितलं, जणू ती आत्ताच घरात आली होती. "ऐकलंस?" ती सुनिताला म्हणाली, आणि रेखाच्या हातातली चहाची बशी घेतली.

आठवड्यानं सप्तापूरला सावनी नेहमीसारखी अंधारात जागी झाली. तिला मांडीवर घेता घेता सुनिताचा हात फोनकडे गेला. पण आत्ता दोघी शेतात असणार. फोन वाजला तर आई काम टाकून ओल्या हातानं तो काढणार, आणि रेखाशी रंगात आलेलं बोलणं तुटणार. तिनं फोन उशीखाली सरकवला. खोली फार शांत होती.

दुपारी आईचाच फोन आला. आंब छान उतरली म्हणाली, घोंगडी एकच पण दोघींना पुरते म्हणाली, आणि मग थांबेचना. रेखाच्या माहेरी हल्याळकडं एक आंधळा काका हाय, तो म्हणे नुसत्या वासावरून भाताची जात ओळखतो. आणि तिची एक आते, नवऱ्याशी भांडून बैलगाडीतच चार दिवस राहिलेली. सांगता सांगता आई हसून हसून खोकायला लागली. सुनिता ऐकत राहिली. त्या गोष्टींतल्या एकाही माणसाला ती ओळखत नव्हती.