गाडी सीमेवर, कागद कपाटात

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे. तसा फार जुना नाही, नऊ वर्षांचा. पिंपळगाव राजातल्या एका पांढऱ्या बोलेरोच्या नोंदणीचा मी मूळ दाखला. लोक मला आरसी म्हणतात. गाडीचे टायर दोनदा बदलले, मागच्या दाराला पोचा आला. माझ्यावर मात्र परवापरवापर्यंत एक सुरकुती नव्हती. ही गोष्ट मी पूर्वी अभिमानाने सांगितली असती.

ऑगस्ट २०१६ मध्ये बुलढाण्याच्या आरटीओ कार्यालयात मी छापला गेलो. मला घ्यायला गुलाबराव आले होते. एसटीत एकतीस वर्षे ड्रायव्हर, नुकतेच निवृत्त झालेले. मला हातात घेण्याआधी त्यांनी रुमालाने बोटे पुसली आणि माझ्यावरची एकच ओळ तीनदा वाचली.

"पंचफुला, आतापर्यंत सरकारी कागदावर माह्या नावापुढं चालक लिवून येत होतं. हे पाह्य. मालक."

"पाह्यलं," पंचफुलाबाई म्हणाल्या. "आता मालक, गाडी घरी नेता का इथंच वाचत बसता?"

वाटेत खामगावात त्यांनी मला प्लास्टिकमध्ये बंद करून घेतले आणि माझी रंगीत झेरॉक्स काढली. झेरॉक्स गाडीत गेली. मी घरच्या लोखंडी कपाटात, आतल्या कप्प्यात, कुलपाआड. झेरॉक्स उन्हाने फिकी पडली की नवी निघे. अशा अकरा निघाल्या. त्या नांदुऱ्याच्या बाजारात गेल्या, लग्नाच्या वऱ्हाडांबरोबर गेल्या, एकदा बाळंतिणीला घेऊन खामगावच्या दवाखान्यात गेल्या. मी कुठेच गेलो नाही.

गुलाबरावांच्या या सवयीमागे कारण होते. त्यांची मुलगी महामाया बारावी झाली तेव्हा कॉलेजने तिचा मूळ जातीचा दाखला जमा करून घेतला आणि तो तिथल्या फायलींमध्ये हरवला. दुसरा मिळेपर्यंत गुलाबरावांनी ड्युटी सांभाळून कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. तिचे एक वर्ष वाया गेले ते गेलेच. त्या दिवसापासून घराचा नियम झाला: मूळ कागद उंबऱ्याबाहेर जाणार नाही.

मित्रांनो, गुलाबरावांची एकच इच्छा होती. बुद्धांचे जन्मस्थान लुंबिनी नेपाळात आहे, आपल्या सीमेपासून पाऊण तासाच्या रस्त्यावर. तिथे पंचफुलाबाईंना स्वतः गाडी चालवत न्यायचे.

"एकतीस वरसं लोकायले पोचवलं," ते म्हणत. "आता तुले एकदा पोचवतो. माह्या गाडीत, माह्या हातानं."

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ते ठरले. महामाया आता नांदुऱ्याला शाळेत शिकवते. तिने सगळी चौकशी करून यादी केली. सीमेपलीकडे भन्सार म्हणजे जकातीची खिडकी असते, तिथे गाडीचे कागद दाखवले की तेवढ्या दिवसांचा परवाना मिळतो. लायसन्स, आरसी, विमा, मतदान कार्ड. खाली तिने दोन रेघा मारून लिहिले होते, 'सगळे ओरिजिनल'. लायसन्स आणि मतदान कार्ड गुलाबरावांच्या खिशात असतेच. विम्याची छापील प्रत गाडीत होती. राहिलो मी.

निघायच्या आदल्या सकाळी कपाट उघडे होते. मी सगळे ऐकले.

"बाबा, आरसी कपाटातली घ्या."

"झेरॉक्स हाय न गाडीत. कलर हाय. मोबाईलमधीबी हाय."

"मोबाईलवरचं आपल्या इकडं चालते. तो दुसरा देश हाय, बाबा."

"म्हनूनच नेत नाई. इथल्या इथं तुह्यं सर्टिफिकेट हरवलं. तिकडं गेलेला कागद मले कोन आनून देईन?"

महामायेने यादी पर्समध्ये टाकली. सर्टिफिकेटचा विषय निघाला की ती नेहमीच हट्ट सोडून देई. कपाट बंद झाले, किल्ली फिरली. आणि मित्रांनो, खरे सांगायचे तर त्या वेळी मला बरे वाटले. जगात माझी इतकी किंमत करणारा माणूस आहे, असे वाटले.

पंचफुलाबाई आणि महामाया बरोबर होत्या, पण जवळपास तेराशे किलोमीटर गाडी गुलाबरावांनी एकट्याने चालवली. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला घरी सून पायल हिच्या फोनवर व्हिडिओ कॉल आला.

"पायल, कपाट उघड," गुलाबराव म्हणाले. मागे ट्रकांचे हॉर्न वाजत होते.

"चावी कुठं हाय, मामाजी?"

गुलाबरावांनी फोन तोंडाजवळ धरला.

"ट्रंकेत माही खाकी पँट हाय. जुनी, एसटीची. तिच्या खिशात."

"अगं माय!" पंचफुलाबाईंचा आवाज आला. "काहो, ते पँट मी मागच्या महिन्यात भांडेवालीले द्याले काढली होती!"

"मंग देली काऊन नाई?"

"तिनंच घेतली नाई. म्हने, लय फाटली हाय."

पायल हसत हसत माझ्यापर्यंत पोचली. तिने मला फोनपुढे धरले, आधी उलटे, मग सुलटे. त्या वीतभर उजेडात मी पहिल्यांदा दुसरा देश पाहिला: एक खिडकी, खिडकीत चष्मा लावलेले एक गृहस्थ आणि पुढे घामेजलेले गुलाबराव. त्यांनी फोन खिडकीत धरला.

"साहेब, देखो. ये ओरिजिनल. नंबर देखो, नाम देखो."

त्या गृहस्थांनी खरोखर वाकून पाहिले. त्यांच्या बोलण्यात जराही उर्मटपणा नव्हता.

"बाबूजी, कागज तो बहुत अच्छा रखा है आपने. एकदम नया. लेकिन कागज वहाँ है, गाडी यहाँ है."

माझी एवढी तारीफ कोणीच केली नव्हती. गुलाबरावांचा चेहरा मात्र पडद्यावर मला दिसत होता.

"कुरिअरनं पाठवू का, ताई?" पायलने विचारले.

"चार दिवस लागतीन," महामाया म्हणाली. "सोमवारी माही शाळा हाय." आणि फोन बंद झाला.

पुढचे मी महामायेच्या तोंडून ऐकले. परत आल्यावर ती पायलला सांगत होती. तिने तिकडची टॅक्सी ठरवली. गाडी ठेवायला पहारेकऱ्यासह पार्किंगही शोधले.

"बाबा म्हने, गाडी कोनाच्या भरवशावर सोडू? तुम्ही जाऊन या. आई म्हने, तुमच्याशिवाय मी जात नाई. तं बाबा तिच्यावर ओरडले. एवढ्या वर्सात पहिल्यांदा ओरडले असतीन."

मायलेकी गेल्या. पंचफुलाबाईंनी दुखत्या गुडघ्यांनी सगळे पाहिले, पण कुठेही फोटो काढू दिला नाही. संध्याकाळी पाचला त्या परत आल्या तेव्हा गुलाबरावांनी हातपंपाच्या पाण्याने गाडी धुऊन लख्ख केली होती. तिथे काय पाहिले, हे त्यांनी विचारले नाही.

"रस्ता कसा हाय?" एवढेच विचारले.

"सरळ हाय," पंचफुलाबाई म्हणाल्या. "तुमाले तं काहीच वाटलं नसतं."

परतीलाही तीन दिवस लागले.

घरी पोचल्या संध्याकाळी गुलाबरावांनी कपाट उघडले, मला काढले आणि गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवले. पुढल्या दिवाळीला पुन्हा जायचे, असे त्यांनी मनाशी धरले असावे. पण जानेवारीत खामगावच्या डॉक्टरांनी त्यांचे डोळे तपासले. साखरेने डोळ्यांचा पडदा खराब झाला होता. गाडी चालवणे बंद.

आता गाडी पायल चालवते. गुलाबरावांनीच तिला शिकवली, शेजारी बसून. मी तिच्याबरोबर नांदुऱ्याला जातो, लोणारपर्यंतही जाऊन आलो. एका कोपऱ्यात माझे प्लास्टिक उकलले आहे, आत चहाचा डाग शिरला आहे. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

या दिवाळीला पुन्हा लुंबिनी ठरली आहे. महामायेने गाडीत बसूनच नव्या यादीत चार नावे लिहिली. गुलाबरावांनी पेन मागून आपले नाव खोडले.

"मी घर राखतो. कोनी तरी पाह्यजे न घरी."

"घराले काय पाय फुटून राह्यले का?" पंचफुलाबाई म्हणाल्या. "चला म्हनते न मी."

"मी काय करू तिकडं येऊन? गाडी तं पायल चालवते."

पायलने यादी माझ्याजवळ ठेवली. तिच्यातले खोडलेले नाव मला रोज दिसते.

मित्रांनो, कागद जरूर जपा, पण ज्या कामासाठी तो आहे त्या कामाला बरोबर न्या. मळला तर मळू द्या. मला हे सांगायला उशीर झाला. आणि माझे आणखी एक ऐका. तुमच्या घरातले कोणी कधी म्हणाले, "तुम्ही जा, मी घर राखतो," तर लगेच बरे म्हणू नका. त्यांची पिशवी तुम्ही भरा. मला हात असते, तर मी ते नाव पुन्हा लिहिले असते.