राखेचा वाफा

माघ निम्मा व्हायला आला होता. बालाघाटच्या घराच्या परसात उभं राहून गुणाकररावांनी लेकीला शेवटचं सांगून टाकलं, "उमा, तीन वर्षं झाली. भेंडीला दोन पानं फुटतात आणि पिवळी पडून मरतात. होळी झाली की टिकाराम मिस्त्री इथे फरशी घालेल. तोवर काय करायचं ते कर."

तोवर म्हणजे पस्तीस दिवस. याच वाफ्यातून आई टोपल्या भरभरून भेंडी काढायची. आई गेली, घर आत्याने सांभाळलं, आणि वाफा रुसला. गेल्या उन्हाळ्यात जबलपूरहून बी.एस्सी. होऊन आलेल्या उमाला तो फरशीखाली जाऊ द्यायचा नव्हता.

तिने माती उकरून पाहिली. वाळवी नव्हती, ओल होती. मग दोष कुठे? दुसऱ्या दिवशी ती प्रथमच भल्या पहाटे परसात आली, तेव्हा गोदाबाई आत्या चुलीची राख घेऊन आली आणि रांगोळी घालावी तशी वाफ्यावर पसरू लागली.

"आत्या, रोज टाकतेस?"

"हौ. एक दिवस चुकवला नाही."

"काहून पण?"

"काहून म्हणजे? तूनंच तं चिठ्ठीत लिहलं होतं, राख म्हणजे खत. माह्या शिकलेल्या भाचीचा शब्द मी खाली पडू देईन का?"

उमाला ती चिठ्ठी आठवली. पहिल्या वर्षाला राखेतल्या पोटॅशबद्दल शिकली, त्या उत्साहात तिने ते लिहिलं होतं. किती टाकायची, हे मात्र लिहिलं नव्हतं.

तिने वाफ्यातली अर्धी वाटी माती वाटीभर पाण्यात ढवळली. अंगणातल्या पेरूखालची माती दुसऱ्या भांड्यात. दोन्ही निवळल्यावर हळद लावलेल्या फडक्यावर एकेक थेंब सोडला. पेरूचा थेंब पिवळाच राहिला. वाफ्याचा, हळदीत चुना पडावा तसा, लालभडक झाला; राखेच्या क्षाराने माती बिघडली होती.

"अगं बाई! म्हणजे माहीच चूक?" आत्याचा चेहरा उतरला.

"नाही आत्या, माझी. बाबा, ऐका, वाफा मी मारला. चिठ्ठीत प्रमाण लिहिलं नाही."

गुणाकरराव खो खो हसले. "विज्ञानाची पदवी, आणि प्रमाणच विसरली! पण होळीचं ठरलं ते ठरलं."

उमाने पदर खोचला. सहा दिवस खपून तिने वीतभर राखाडी थर काढून बाहेर टाकला. बैलगाडीने वैनगंगेचा गाळ आणवला, त्यात कुजलेलं शेणखत मिसळलं. थेंब पिवळा राहीपर्यंत तिने बी हातात घेतलं नाही.

मग भेंडी आणि कडेला दोडका पेरला; पेरल्यापासून आठव्या दिवशी कोंब वर आले. दोन पानं फुटली. इथेच दर वर्षी घात व्हायचा. तीन दिवस उमाला जेवण गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी आत्या परसातून ओरडली, "अवो भाऊ, तिसरं पान! हिरवंगार!"

होळी झाली. टिकाराम टेप घेऊन आला तेव्हा भेंडीच्या रोपांना पाच-पाच पानं होती, दोडक्याच्या वेलाने काठीला वेटोळं घातलं होतं. गुणाकरराव वाकून एकेक रोप मोजत होते. मोजून झाल्यावर त्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं.

"टिकाराम, माप घेच. पण मांडवाचं घे, दोडक्याले. आणि मजबूत कर, माझ्या लेकीचा वेल लांब जाणार."

"मंग फरशी, साहेब?"

"फरशी तुह्या घरी घाल!" आत्या कडाडली. "अन् कडंकडंनं चाल, बाप्पा! रोपावर पाय पडला तं पाहून घेईन!"