दादाला पडलेलं एक मत

टाळ्या थांबेपर्यंत दादा चष्म्याची काच पुसत राहिला. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

टाळ्या त्याच्या धाकट्या बहिणीसाठी होत्या. वस्तीची बंद पडलेली बस परत सुरू व्हावी म्हणून दादाने नगरपालिकेला सहा वर्षं अर्ज लिहिले होते. छापखान्यात जन्मभर मुद्रितं तपासलेल्या माणसाचे अर्ज ते, एक वेलांटी चुकलेली नाही. उत्तर दर वेळी एकच: ‘विषय विचाराधीन आहे.’ गेल्या महिन्यात धाकटी शिवणयंत्रावरून उठली, गल्लीतल्या बारा बायकांना घेऊन थेट सुनावणीत शिरली आणि अधिकाऱ्याला म्हणाली, “साहेब, एकदा आमच्याबरोबर दवाखान्यापर्यंत चालून बघा.” साहेब चालले. पंधरा दिवसांत बस धावू लागली.

“आयत्या बिळावर नागोबा,” दादा त्या दिवशी बायकोला म्हणाला. ती भाकरी थापत राहिली, म्हणून त्याने ते पुन्हा म्हणून दाखवलं.

आज शाळेच्या सभागृहात नागरिक समितीवर वस्तीचा प्रतिनिधी निवडायचा होता. दादाने आठवडाभर आधीच नाव दिलं होतं. बायको माहेरी गेलेली, त्यामुळे तो एकटाच आला होता. धाकटीचं नाव कुणीतरी ऐन वेळी पुकारलं आणि ती नको नको म्हणत असतानाच टाळ्यांचा पाऊस पडला.

“मी नाव मागे घेते, दादा,” ती त्याच्या कानाशी म्हणाली.

“कशाला? तुझ्या मेहेरबानीवर निवडून येऊ होय मी? होऊन जाऊ दे.”

चिठ्ठी हातात आली तेव्हा मात्र त्याचं पेन अडलं. स्वतःलाच मत देणाऱ्या उमेदवारांची त्याने आजवर यथेच्छ टर उडवली होती. त्याने दात आवळले आणि, मायेपोटी नव्हे, निव्वळ ताठ्यापोटी, धाकटीचं नाव लिहून घडी घातली.

मोजणी झाली. धाकटीला बेचाळीस. दादाला एक.

“चला, दादांचं स्वतःचं मत तरी फुटलं नाही!” मागून कुणीतरी ओरडलं.

सभागृह खो खो हसलं. दादाही हसला, पण कानशिलं तापली. शेजारी धाकटी तेवढी हसत नव्हती. ती ताडकन उठू लागली, तसं त्याने तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं.

“सोड. सांगू दे मला. ते मत माझं होतं.”

“ठाऊक आहे. बस गुमान.”

“लोक तुला हसताहेत, दादा.”

“हसू देत.”

तिने दिलेलं मत साधं, सरळ होतं. त्यात ताठा नव्हता. म्हणजे इथेही तिनेच बाजी मारली होती. त्याने तिचं मनगट सोडलं. ती मात्र त्याच्याकडे बघतच राहिली. हळूहळू तिच्या ध्यानात आलं.

“एकच मत पडलं तुला,” ती म्हणाली. “मग तू कुणाला दिलंस?”

“मतदान गुप्त असतं,” दादा म्हणाला, आणि उठून खुर्च्या आवरायला लागला.